पाठीमागचे सत्तर मिलिमीटर

सर्व्हर रूम नव्या जागेत हलवण्यासाठी आम्हाला शनिवारी सकाळी सहापासून रविवारी सकाळी सहापर्यंत असे चोवीस तास मिळाले होते. सर्व्हर बसवायच्या सहा नव्या रॅकची, म्हणजे लोखंडी कपाटांची, निवड मी केली होती आणि खरेदीच्या कागदावर सहीही माझीच होती, त्यामुळे त्या दिवशी जे घडले त्याचे उत्तरदायित्व दुसऱ्या कोणाकडे जात नव्हते.

निवड करताना माझ्यासमोर उत्पादकाचा तक्ता होता. उंची ४२ यू, रुंदी ६०० मिमी, खोली १००० मिमी, भारक्षमता १००० किलो. यांपैकी सर्वांत अधिक विचार मी उंचीचा केला. यू हे रॅकमधल्या उंचीचे एकक, एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, कोणते यंत्र किती यू घेते याची बेरीज केली, पुढील वाढीसाठी जागा राखली आणि दाराची उंची मोजली. ४२ यूचा रॅक साधारण २ मीटर उंच असतो, तो आमच्या २१०० मिमीच्या दारातून उभाच आत येणार होता. ४८ यूचा आडवा करावा लागला असता, म्हणून तो बाद केला. भारक्षमतेचा आकडाही नीट वाचला होता. तो रॅक पायांवर स्थिर उभा असतानाचा असतो, चाकांवर ढकलताना पेलणारे वजन वेगळे दिलेले असते आणि ते बहुधा कमी असते. म्हणून रिकामे रॅक जागेवर नेले, पाय टेकवून समतल केले, शेजारच्या रॅकशी बोल्टने जोडले आणि मगच भरायला घेतले. स्टोरेजसारखी जड यंत्रे तळाशी ठेवली. दुपारपर्यंत काम वेळापत्रकाच्या पुढे होते.

दुपारी तीनच्या सुमारास नव्या सर्व्हरपैकी पहिला रेलवर सरकून आत गेला, पुढचे स्क्रू बसले, आणि मागे उभा असलेला आमचा तरुण तंत्रज्ञ म्हणाला, “सर, हा पॉवर सप्लाय उद्या बिघडला तर बाहेर कसा काढायचा?”

मी मागे जाऊन पाहिले. सर्व्हरच्या डाव्या कडेला असलेल्या पॉवर सप्लायच्या बरोबर पाठीशी उभा पीडीयू, म्हणजे यंत्रांना वीज वाटणारी सॉकेटची पट्टी, होता, आणि त्यात खोचलेले प्लग आतल्या बाजूला आल्याने उरलीसुरली वाटही बंद झाली होती. यंत्र चालू ठेवून बदलता यावा म्हणून जो पॉवर सप्लाय मुद्दाम दुहेरी दिलेला असतो, तो काढण्यासाठी आम्हाला आधी पीडीयू सोडवावा लागला असता, म्हणजे त्या बाजूच्या सगळ्याच यंत्रांचा एक वीजमार्ग तोडावा लागला असता.

मी टेप घेतली. पुढच्या दरवाजाच्या बाह्य पृष्ठापासून पुढच्या पोस्टपर्यंत (यंत्र जिच्यावर बसते ती उभी पट्टी) ११० मिमी, तिथून पॉवर सप्लायच्या मुठीपर्यंत ७९५ मिमी, मागच्या दरवाजाची जाडी २५ मिमी. १००० मिमीतून हे वजा केले की ७० मिमी उरतात. तेवढ्यात वायरीचा प्लग आणि त्याचे वळण जेमतेम मावते; सर्व्हर पुढे ओढताना वायरी सोबत नेणारा केबल आर्म तर बसूच शकत नव्हता. तक्त्यातली १००० मिमी ही कपाटाची बाहेरून बाहेरपर्यंतची खोली होती आणि मी ती यंत्राला मिळणारी खोली समजून चाललो होतो. आमचे जुने सर्व्हर ७०० मिमीच्या आत होते, त्यामुळे हा गैरसमज इतकी वर्षे कधी उघडा पडला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९ इंची रॅकचे मूळ टेलिफोन व्यवस्थेतल्या उपकरणांत आहे, आणि ती उपकरणे पुढच्या दोन पोस्टवर कानांनी, म्हणजे दोन्ही कडांच्या पट्ट्यांनी, टांगली जात. ईआयए-३१० या मानकात दर्शनी पट्टीची रुंदी ४८२.६ मिमी आणि प्रत्येक यूमधल्या तीन छिद्रांची अंतरे १५.८७५, १५.८७५ आणि १२.७ मिमी इतक्या बारकाईने ठरलेली आहेत. पुढच्या आणि मागच्या पोस्टमधले अंतर मात्र त्याने बांधून दिलेले नाही. त्यामुळे कोणतेही यंत्र कोणत्याही रॅकमध्ये पुढून बसते. ते मागे कुठवर जाईल, हे प्रत्येकाने स्वतः मोजायचे असते.

आम्ही आधी पोस्ट पुढे सरकवून पाहिल्या. मागे ४० मिमी मिळाले, पण त्याच रॅकमधल्या स्विचच्या (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या) प्रकाशाने संदेश नेणाऱ्या फायबर वायरी पुढच्या दरवाजावर दाबल्या जाऊ लागल्या, आणि फायबरला तीव्र वळण दिले की प्रकाश गळतो. फोनवर वरिष्ठांनी मागचे दरवाजे काढून ठेवण्याची सूचना केली. वेळ पाहता ती साहजिक होती, तरी मी नकार दिला; त्या सर्व्हर रूममध्ये अन्य विभागांचीही ये-जा असल्याने कुलूप आवश्यक होते, आणि दरवाजा काढल्याने पीडीयू जागचा हलणार नव्हता. संध्याकाळी सहाला मी निर्णय कळवला की जुने सर्व्हर आणि स्विच नव्या रॅकमध्ये जातील आणि नव्या सर्व्हरचे स्थलांतर थांबेल. त्या वाक्यानंतर फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

पुढच्या खरेदीआधी आम्ही सर्व्हरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला, जमिनीवर चिकटपट्टीने रॅक आखला आणि पॉवर सप्लाय ओढण्याची कृती प्रत्यक्ष करून पाहिली. त्यातून १२०० मिमी खोल आणि ८०० मिमी रुंद असे चार रॅक ठरले. वाढीव रुंदीमुळे पीडीयू यंत्राच्या पाठीमागून कडेला गेला आणि उभ्या वायरींनाही वाट मिळाली. सहा ऐवजी दोन अरुंद आणि चार रुंद रॅक आल्याने ओळ ८०० मिमीने लांबली, तेवढी जागा होती. मागची वाट मात्र १२०० वरून १००० मिमीवर आली, आणि ८०० मिमीचे एकच दार तिथे उघडले असते तर माणसाला उभे राहता आले नसते; म्हणून दुभंगणारी दोन झडपे घेतली. पुढची वाट कमी केली नाही, कारण सर्व्हर पूर्ण बाहेर ओढायला तिची गरज असते. यंत्रांमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने बंद केल्या, जेणेकरून मागची गरम हवा फिरून पुढे येऊ नये.

मजल्यांवरच्या नेटवर्क क्लोजेटसाठी, म्हणजे नेटवर्कच्या छोट्या खोल्यांसाठी, असे खोल रॅक मी घेतले नाहीत. तिथे पॅच पॅनेल (वायरींची टोके जोडायची पट्टी) आणि उथळ स्विचच असतात, त्यांना दोन पोस्टचा उघडा रॅक पुरतो आणि दोन्ही बाजूंनी हातही पोचतो.

नवे रॅक उभे राहिले त्या दिवशी सर्व्हर चालू झाल्यावर मी त्याच तंत्रज्ञाला पाठीमागे बोलावले. त्याने डावा पॉवर सप्लाय एका हाताने ओढून बाहेर काढला, शेजारची एकही वायर हलली नाही. उजव्यावर सर्व्हर चालत राहिला, आणि त्याने तो परत आत ढकलून दार लावले.