डीगचा जलमहाल आणि छतावर चढवलेलं पाणी

धानाची मळणी आटोपली की आपल्या भंडारा-गोंदियाकडून मथुरा-वृंदावनच्या यात्रा सुरू होतात. गोवर्धनची परिक्रमा होते, पेढे घेऊन होतात आणि सगळे परत निघतात. पण तिथून पंधराएक किलोमीटरवर, राजस्थानच्या हद्दीत, डीग आहे आणि तिथं भरतपूरच्या जाट राजांचा उन्हाळ्यात राहायचा महाल आहे, हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही, म्हणून हे लिहून राहिलो. यावेळी आम्ही घरची मंडळी मुद्दाम गाडी करून गेलो, सोबत आमचे आबाजी पण होते.

महाल म्हणजे एकच इमारत नाही, मधात मोठी चारबाग आणि तिच्या चारी बाजूनं वेगवेगळी भवनं, गोपाल भवन, सूरज भवन, किशन भवन, नंद भवन, केशव भवन. बरंचसं काम महाराजा सूरजमल (1707–1763) यांच्या काळातलं. एका बाजूला गोपाल सागर, दुसऱ्या बाजूला रूप सागर, दोन्ही मोठाले तलाव. गोपाल भवन बागेकडून पाहिलं तर साधं दुमजली वाटते, पण तलावाच्या बाजूला त्याचे मजले पार पाण्यापर्यंत उतरलेले आहेत, तलाव भरला की खालचा भाग पाण्यात. पाण्यावरून येणारा वारा आत शिरला की गारवा, कूलर नाही की एसी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते तेव्हा स्लॅबच्या घरात आपण कसे भाजून निघतो ते आठवलं, आणि खरं सांगतो, हे बांधणाऱ्याला हात जोडावेसे वाटले.

पण सगळ्यात भारी गोष्ट खाली बागेत नाहीच, ती वर आहे. किशन भवनाजवळ छताच्या उंचीवर पाण्याचा एक प्रचंड हौद बांधला आहे. हौदाच्या भिंतीत गोल गोल भोकांच्या रांगा आहेत. प्रत्येक भोकातून नळ खाली ठरलेल्या फवाऱ्याकडे जाते, भोकाला लाकडाचं बूच लावायचं, बूच काढलं की तो फवारा चालू. पंप नाही, मोटार नाही, फक्त उंचीचा दाब, गावच्या नळयोजनेची टाकी उंचावर असते तसंच. सणाच्या दिवशी त्या भोकांत रंगाच्या कपड्याच्या पुरचुंड्या ठेवायचे, म्हणजे खाली बागेत रंगीत पाणी उडायचं. मी एका भोकात हात घालून पाहिला, आतून कडा एकदम गुळगुळीत लागली.

आबाजी मात्र हौदाकडे पाहत उभेच. म्हणाले, "हे सारं ठीक हाय गा, पन येवढं पानी वर चढवलं कोनं?"

त्यांनी स्वतः मोट हाकली आहे, त्यामुळं हा प्रश्न त्यांनाच पडणार. उत्तर आहे बैल. विहिरीवर चामडी मोटा, बैल धावेवरून उतरले की नाडा ताणला जाते, मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात. असं करत करत हौद भरायला आठवडाभर लागायचा आणि फवारे सोडले की काही तासांत रिकामा, असं तिथं सांगतात. आबाजी बराच वेळ त्या बैलांबद्दलच बोलत राहिले, किती जोड्या लागत असतील, वैरण कुठून येत असेल, उन्हाळ्यात दुपारी बैल सोडत असतील का नाही. मला वाटते महाल पाहायची हीच पद्धत बरोबर आहे. राजाचं नाव तर राहतेच, मोट हाकणाऱ्याचं नाव कुठं राहते!

केशव भवन रूप सागराच्या काठी आहे, चारी बाजूंनी मोकळी बारादरी. इथं भर उन्हाळ्यात पावसाळा उभा करायचे. छताच्या पोकळीत दगडी गोळे होते, पाण्याच्या जोरानं ते घरंगळले की ढग गडगडल्यासारखा आवाज, आणि कमानींवरून पाणी पडायचं असं म्हणतात. मृगाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल सांगा.

आणि मराठी माणसानं तर इथं जायलाच पाहिजे. 1761 ला पानिपतावरून वाचून परतणाऱ्या आपल्या लोकांना याच सूरजमलनं आसरा दिला, अन्न-कपडा दिला. तेही केव्हा, तर सातच वर्षांआधी, 1754 ला, मराठ्यांनी त्याच्याच कुम्हेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि त्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर तोफेच्या माऱ्यात गेले होते. कुम्हेर डीगहून भरतपूरला जाताना रस्त्यातच लागते. पुढं 1804 मध्ये यशवंतराव होळकरांची फौज इंग्रजांशी लढली ती पण डीगलाच. एवढं आपलं नातं असताना आपण पंधरा किलोमीटरवरून परत येतो, याचं मला मनापासून वाईट वाटते.

परत येताना गाडीत विषय निघाला तो आपल्या मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला म्हणतात, आपल्याकडच्या कोहळी लोकांनी गावोगावी असे तलाव बांधले, आणि आज कितीतरी गाळानं भरले, काहींत बेशरमची झुडपं माजली. डीगवाल्यांचा हौद पाहायला तिकीट काढून गेलो तसं आपल्या गावच्या तलावाची पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार), नहर पण पोरांना नेऊन दाखवायला पाहिजे, आमच्या पोरांना मी या सुट्टीत दाखवणार आहेच.

जाणाऱ्यांसाठी एवढंच की फवारे रोज चालत नाहीत, उत्सवाच्या मोजक्याच दिवसांत सोडतात, तारीख आधी विचारून घ्या. पुढच्या फागाला आम्ही फवाऱ्यांसाठी परत जायचं म्हणतोय. ज्याला सोबत यायचं असेल त्यानं संक्रांतीच्या आत सांगा, रिझर्वेशन लवकर करावं लागते.