रोजच्या वाचनातून रोजची प्रार्थना: माझा अनुभव

आईचे गुडघे गेल्यापासून तिची सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली आणि उभा जन्म वसईत चर्चच्या घंटेवर काढलेल्या तिला ते फार लागले. म्हणून संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर मी तिला चर्चने त्या दिवसासाठी नेमलेली बायबलमधली वाचने वाचून दाखवावीत आणि त्यांच्या आधाराने एक लहान प्रार्थना स्वतः लिहून म्हणावी, असे आम्ही दोघींनी ठरवले. 3 डिसेंबर 2023 रोजी, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, मी सुरुवात केली. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचे वाचन, मार्कचे होते: घरधनी परगावी जातो आणि जाताना द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. मी दीड पान लिहिले. जागृती म्हणजे काय, आपण कसे निजलेले आहोत, आपण काय करायला हवे, असे सगळे त्यात होते. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘हे तू देवाला सांगतेस की मला?’’

त्या प्रश्नाचे उत्तर सापडायला मला जवळजवळ दोन महिने लागले. मी प्रार्थनेच्या नावाखाली प्रवचन लिहीत होते. वाचनाचा सारांश काढून त्याच्या टोकाला ‘आमेन’ जोडत होते. 12 व्या शतकातील गिगो दुसरा या कार्थुसियन मठवासीयाने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. मी पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेत होते. मग मी उतारा पहाटेच वाचून ठेवू लागले आणि त्यातले एकच क्रियापद मनाशी धरून दिवसभराची कामे करू लागले. येशूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातले त्या प्रसंगात मार्क एक बारकावा नोंदवतो: येशूने लोकांना हिरव्या गवतावर बसायला लावले. त्या दिवशी ‘बसवणे’ हेच क्रियापद माझ्याबरोबर राहिले. भाकरी मिळण्याआधी त्या दमलेल्या माणसांना कोणीतरी बसा म्हटले होते, हे मला आईला आधार देऊन खुर्चीत बसवताना उमगले. संध्याकाळी लिहिले ते एवढेच: ‘‘दमलेल्यांना हिरवळीवर बसवून जेवू घालणाऱ्या प्रभू, आजारी माणसाला उठवता-बसवताना आमच्या हातांना घाई होऊ देऊ नकोस.’’

प्रार्थनेच्या या घडणीकडे मी भाषेच्या वाटेने आले. मिस्सेतील आरंभीच्या प्रार्थनेचा साचा फार जुना आणि आटोपशीर आहे: देवाला हाक, त्याने केलेल्या एखाद्या कृत्याचे स्मरण, एकच मागणी, ती कशासाठी याचा उल्लेख आणि शेवटी ‘आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे’. मात्र हे स्मरण मी सुरुवातीला ‘हे देवा, ज्या तू अमुक केलेस, त्या तुला आम्ही विनवतो’ असे लिहीत असे आणि वाचताना माझीच जीभ अडखळत असे. मराठीत त्यासाठी केव्हापासूनची सोपी सोय आहे: जेवू घालणाऱ्या, वादळ शमवणाऱ्या, दगडातून पाणी काढणाऱ्या देवा. कृत्य हाकेतच सामावते. देवाला ‘तू’ म्हणण्याची जवळीकही आपल्याला याच भाषेने दिली आहे. विठोबाशी बोलणारे अभंग आणि आपल्या चर्चमधली भजने या बाबतीत सख्खी भावंडे आहेत, असे मला मनापासून वाटते.

वाचनांचा क्रम आपल्या हाती नसतो, हे या कामातले मोठे शिक्षण आहे. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. सामान्यकाळात, म्हणजे नाताळ, ईस्टर आणि त्यांच्या तयारीचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, इतर दिवशीचे पहिले वाचन दोन वर्षांनी फिरून येते आणि शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असते. त्यामुळे मला आवडणारे उतारे निवडण्याची मोकळीक नव्हती. 2024 मध्ये सप्टेंबर संपताना बायबलमधले ईयोबाचे, म्हणजे सर्वस्व गमावलेल्या एका नीतिमान माणसाचे, पुस्तक सुरू झाले आणि मंगळवारी, 1 ऑक्टोबरला, तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तो अध्याय आला. त्याला जोडून 88 वे स्तोत्र. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच आठवड्यात आमच्या आळीत एक तरुण मुलगा गेला होता. मी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा शेवटी ‘तरीही आम्हाला ठाऊक आहे की’ असे सांत्वन आपोआप उतरले. वाचनाने जे म्हटले नव्हते, ते त्याच्या नावावर खपवणे मला पटेना. अखेर चौथ्यांदा लिहिले: ‘‘ईयोबाचे बोलणे न तोडता ऐकून घेणाऱ्या देवा, आज त्या घरात रडणाऱ्यांचेही ऐक.’’ आई त्या दिवशी ‘आमेन’ म्हणायला बराच वेळ थांबली.

सर्वांत जास्त काळ मला चुकवत राहिला तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील येशूच्या वंशावळीचा उतारा. तो 17 डिसेंबरला वाचला जातो. 2024 मध्ये मी नावांच्या त्या रांगेला बगल देऊन नाताळच्या तयारीवर काहीतरी लिहिले होते. 2025 मध्ये तोच उतारा पुन्हा आला तेव्हा जुन्या वहीतले ते पान वाचवेना. मी सगळी नावे सावकाश, मोठ्याने वाचली. अमक्यापासून तमका झाला, असे चाललेले असताना मरियेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि चौथी, जिचे नावच मत्तय देत नाही, फक्त ‘उरीयाची बायको’ म्हणतो. आई म्हणाली, ‘‘पुन्हा वाच ते.’’ मी पुन्हा वाचले. मग ती स्वतःच्या आईचे नाव म्हणाली, आजीचे म्हणाली, आणि आजीच्या आईपाशी थांबली. ते तिला ठाऊक नव्हते. वडिलांकडच्या पाच पिढ्या मात्र तिने बोटांवर मोजून दाखवल्या.

वहीत त्या तारखेखाली आता हे आहे: ‘‘उरीयाच्या बायकोला तुझ्या पुत्राच्या वंशात जागा देणाऱ्या देवा, ज्यांची नावे आम्ही लिहून ठेवली नाहीत त्या आमच्या आयांना तू नावाने हाक मार. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे.’’ त्यातला ‘आयांना’ हा शब्द आईने सुचवला. मी आधी ‘पूर्वजांना’ लिहिले होते.