तो शब्द मी का खोडला

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या मजकुरातून ‘त्यागमूर्ती’ हा शब्द मी का खोडला, हे तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत की आता एकदाच सांगून टाकते. मावशीच्या मते मला आईची किंमतच नव्हती. दादा म्हणतो, एका शब्दाने काय बिघडत होतं?

त्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता मी घरी आले, तेव्हा लेकीची एक वेणी घट्ट होती आणि दुसरी नुसतीच पिळून रबर अडकवलेली. “आजीचा हात झोपलाय,” ती म्हणाली. आई खुर्चीत होती. ओठ एका बाजूला उतरलेला, उजवा हात दुसऱ्या कुणीतरी उचलून मांडीवर ठेवल्यासारखा. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, “या शेवटच्या धडधाकट कधी होत्या?” आईला बोलता येत नव्हतं. उत्तर ६ वर्षांच्या पोरीने दिलं: पहिली वेणी घालेपर्यंत. म्हणजे शाळेतून आल्यावर, साडेबाराच्या सुमारास. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ ५ वाजताच टळली होती.

आता जे कुणालाच सांगितलं नाही, ते. दुपारी २ वाजता मी फोन केला होता. तिची जीभ जड लागली. मला वाटलं, डुलकी लागली असेल. “ठीक... ये सावकाश,” एवढंच म्हणाली, आणि मी खरंच सावकाश गेले. तीन तास हातात होते.

पुढे ती दीड वर्ष जगली. शब्दकोडं पेनाने सोडवणारी, एकही खोडाखोड न करणारी बाई चमच्याला ‘घड्याळ’ म्हणायची, आणि चुकलं हे कळून रडायची.

म्हणून तो शब्द वाचून डोकं फिरलं. नातीला एकटं सोडायचं नाही म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि आम्ही त्याचे गोडवे गाणार? शिवाय पाळणाघर न शोधण्याची सोय माझी होती. त्याग तिचा, सोय आमची, वर मजकूरही आम्हीच लिहायचा!

पण खोडताना होती तेवढी खात्री आता नाही. डॉक्टर म्हणाले होते, अशा झटक्यात पुष्कळदा माणसाला आपल्याला काही होतंय हेच उमगत नाही. तसं असेल तर त्याग वगैरे काही नव्हताच. तिला कळलं नाही, आणि ज्या एकीला फोनवर कळायला हवं होतं ती मी. मग तो शब्द मी तिच्यासाठी खोडला की माझ्यासाठी? आणि नातीला सांभाळण्यातल्या त्या सगळ्या दुपारी तिला ओझं वाटत होत्या, हे तरी कुणी ठरवलं? पत्त्यांत नातीला फसवून जिंकायची आणि वर खो खो हसायची.

यंदाचा मजकूर मावशी लिहिणार आहे. आधी तुला दाखवू का, असं तिने विचारलंय. मी अजून काही कळवलेलं नाही.