फुटबॉल बघत नाही, तरी कोलकात्याची डर्बी बघून आले

कोलकात्याच्या ट्रिपच्या यादीत कुमारटुली होतं, कॉलेज स्ट्रीट होतं, दक्षिणेश्वर होतं, फुटबॉल अजिबात नव्हतं. मी मॅच बघणाऱ्यांतली नाहीच, टीव्हीवर लागली की उठून दुसऱ्या कामाला लागते. पण ज्या मैत्रिणीकडे उतरले होते तिचे बाबा म्हणाले, "मा, डर्बी असताना ती न बघता कोलकात्याहून परत जायचं नाही," आणि काकांनी माझं तिकीट आधीच काढून ठेवलेलं, मग नाही कसं म्हणणार.

डर्बी म्हणजे कोलकात्याच्याच दोन जुन्या फुटबॉल क्लबांची आपसातली मॅच, मोहनबागान (हिरवा-मरून) विरुद्ध ईस्ट बेंगाल (लाल-सोनेरी). सियालदहहून मेट्रोने सॉल्ट लेक स्टेडियमला उतरायचं. डब्यात अर्धे हिरवे-मरून टीशर्ट, अर्धे लाल-सोनेरी, आणि काका त्या गर्दीत एका हाताने दांडी धरून मला इतिहास सांगतायत. तो ऐकून गेले हे फार बरं झालं, नाहीतर पुढचं मला नुसता आरडाओरडा वाटला असता. मोहनबागान 1889 चं. 1911 ला त्यांनी आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सोजिरांच्या टीमला 2-1 ने हरवलं, तेही अकरातले दहा जण अनवाणी खेळून, बूट फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात! ईस्ट बेंगाल 1920 चं. फाळणीनंतर घरदार सोडून जे पूर्व बंगालमधून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून आले त्यांना या परक्या शहरात आपलं म्हणायला फार थोडं होतं, त्यात हा क्लब होता. काकांचे वडील तिकडच्या बारिसालचे, म्हणून हे घर लाल-सोनेरी. जिंकले तर घरी इलिश मासा, आणि समोरचे जिंकले तर त्यांच्याकडे चिंगडी म्हणजे कोळंबी, हे अगदी ठरलेलं.

गेटवर तपासणी, बाटल्या बाहेर, लांबच लांब रांग. कंटाळा आला होता मला. तेव्हा काका म्हणाले की 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोन टीमच्या मॅचला मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 प्रेक्षक गेले, खेळ बघायला घरून निघालेली माणसं. त्यानंतर रांगेबद्दल मी काही बोलले नाही.

आत गेल्यावर आधी मैदान दिसतच नाही, माणसंच दिसतात. 1997 च्या फेडरेशन कपच्या सेमीफायनलला इथे 1 लाख 31 हजार लोक होते म्हणे, भाईचुंग भुतियाने हॅटट्रिक मारली आणि ईस्ट बेंगाल 4-1 ने जिंकलं. काका त्या दिवशी स्टँडमध्ये होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आता सीट बसवल्यात त्यामुळे इतके मावत नाहीत, पण ढोल सुरू झाले की बसल्या जागी सिमेंट थरथरतं ते पायाला कळतं.

मॅच सुरू झाली आणि मी सवयीने बॉलच्या मागे डोळे पळवायला लागले. काका म्हणाले, बॉल सोड, एक माणूस धर. मी ईस्ट बेंगालचा डावीकडचा बॅक, म्हणजे बचावाचा खेळाडू, धरला. बॉल त्याच्याकडे फारसा येतच नव्हता तरी तो एक मिनिट उभा नव्हता, दोन पावलं पुढे, मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, हाताने शेजारच्याला सरक म्हणायचं, परत मागे. मग लक्षात आलं की चौघं बॅक एका रेषेत हलतायत, झोपाळ्यासारखे पुढेमागे, आणि बाहेर झेंडा घेतलेला लाइन्समन त्यांच्याबरोबर पळतोय. ऑफसाइड, म्हणजे आपल्याला पास निघताना समोरच्या बॅकच्या रेषेपुढे असायचं नाही हा नियम, मला आजवर किती जणांनी टेबलावर ग्लास मांडून समजावला असेल, पण तो डोक्यात शिरला तो तिथे, वरून ती रेषा बघून. टीव्हीवर हे दिसूच शकत नाही, कॅमेरा बॉल सोडत नाही ना. आणि टोकाचा गोलकीपर! खेळ मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात चाललेला असताना तो एकटा आपल्या बॉक्समध्ये येरझाऱ्या घालतोय, एकदा डाव्या खांबाला हात लावतो, एकदा उजव्या, आणि तोंडाने अखंड बोलतोय, तेवढ्या लांब कुणाला ऐकू जात असेल देव जाणे.

गोल सेकंड हाफमध्ये झाला, लाल-सोनेरीचा. बॉल आत गेलेला मला दिसलाच नाही, पुढचे सगळे उभे राहिले होते. आवाज मात्र छातीत बसला. काकांनी मला मिठी मारली, मग पलीकडच्या अनोळखी माणसाला मारली, आणि मग चष्मा काढून डोळे पुसले. मीही ओरडत होते, मनापासून. समोरच्या हिरव्या-मरून स्टँडमध्ये एक माणूस बसला नाही की गाणं थांबलं नाही, हेही मला तितकंच आवडलं.

कुणी जाणार असाल तर सीट वरची घ्या. मैदानाभोवती पळण्याचा ट्रॅक आहे त्यामुळे खाली बसून चेहरे तसेही जवळून दिसत नाहीत, आणि वरून ती रेषा दिसते. तासभर आधी पोचा, स्टँड भरताना बघायला मिळतो. आणि जमलं तर एखाद्या जुन्या माणसाबरोबर जा, मला तर पुढच्या डर्बीचं आमंत्रण मेट्रोच्या रांगेतच मिळालं आणि मी हो म्हणून बसलेय.