रॉड तुटला तो ब्रेकवर

सोमवारी सकाळी आमच्या गॅरेजमध्ये फ्लॅटबेडवरून गाडी उतरवली, तेव्हा उजवं पुढचं चाक मागे सरकून फेंडरच्या लायनरला टेकलं होतं. आदल्या दिवशी घाटावरच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या गाडीने मारायची, ४०२ मीटरची रन पूर्ण झाली आणि त्यानंतर हे घडलं. चालवणाऱ्याला खरचटलंही नाही. गाडी उजवीकडे ओढली गेली, त्याने ब्रेक हळूच सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं, आणि गाडी पट्टीच्या कडेला उभी राहिली. त्याने घाबरून ब्रेक आणखी दाबला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

गाडी जुनी जपानी सेदान, पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बो मागाहून बसवलेला, वजन साधारण १०५० किलो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला उभा खांब. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म सरळ, आतल्या टोकाला एकच बुश. असा आर्म एकटा चाकाला पुढे-मागे रोखू शकत नाही. ते काम रेडियस रॉडचं. तो सांगाड्याच्या पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरपासून मागे येतो आणि आर्मला पकडतो. कंपनीच्या रॉडला पुढे जाडजूड रबर बुश असतो. ड्रॅगवाल्यांना तो नको असतो, कारण लाँचला, म्हणजे क्लच सोडून गाडी सुटताना, रबर दबतं, चाक पुढे-मागे थरथरतं आणि टायर पकड सोडून उड्या मारू लागतो. म्हणून बाहेरचा किट लावतात, ज्यात दोन्ही टोकांना रोझ जॉइंट (डोळ्यासारख्या कड्यात फिरणारा गोळा) आणि मधे उजव्या-डाव्या आट्यांची नळी असते. या गाडीवर तोच होता, एम १२ × १.२५ आट्यांचा, म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांत १.२५. रॉड गेला की चाक गेलं, दुसरा आधार नाही.

गॅरेजमध्ये दोन तासांत निकाल लागलाही. मुलं म्हणाली, लाँचला तुटला. वेल्डिंगवाला म्हणाला, माल हलका, इम्पोर्टेड म्हणून डब्यात काहीही भरतात. गाडीचा मालक म्हणाला, "दादा, पाच हजार आरपीएमला क्लच सोडला होता, तेव्हाच गेला असणार." क्लच सोडताना जोर येतो तो इंजिनचा, म्हणून सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. पण गाडीतल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तुटल्याचा आवाज फिनिशच्या पुढे येतो, ब्रेक दाबल्यावर.

लाँचला चाक गाडीला पुढे ढकलतं, त्यामुळे पुढून आलेला रॉड दाबला जातो. ब्रेकला चाक मागे जाऊ पाहतं आणि रॉड ताणला जातो. दोन्ही वेळचा जोरही सारखा नसतो. एक्सलमधून येणारा टॉर्क इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर तोलला जातो, म्हणून लाँचचा धक्का सस्पेन्शनला चाकाच्या मध्याच्या उंचीवर लागतो. स्ट्रटचं वरचं टोक आणि खालचा, आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट तो वाटून घेतात, खाली साधारण ८० टक्के येतो. ब्रेकचा कॅलिपर मात्र थेट नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या भागावर, बसलेला. तिथे धक्का टायर रस्त्याला टेकतो तिथून लागतो, बॉल जॉइंटच्याही खालून. तरफेच्या हिशेबाने बॉल जॉइंटवर मूळ जोरापेक्षा जास्त येतो, या गाडीच्या मापांत सुमारे १.३ पट. लोक लाँचसाठी रॉड बदलतात, पण त्याला खरं ओढतो तो ब्रेक.

तरीही नुसत्या ओढण्याने हा रॉड तुटायला नको होता. जोरदार ब्रेकला एका पुढच्या चाकावर साडेतीन किलोन्यूटन धरा. १.३ ची तरफ, रॉड आर्मला बॉल जॉइंटच्या आत दोन-तृतीयांश अंतरावर पकडलेला, शिवाय थोडा तिरका. सगळं धरून रॉडमध्ये आठ किलोन्यूटन. एम १२ × १.२५ चं ताणक्षेत्र ९२ चौरस मिलिमीटर. म्हणजे ताण ९० मेगापास्कलच्या आत. तुटलेल्या तुकड्याचा कडकपणा मोजून घेतला, तो रॉकवेल सी ३१ भरला. या पोलादाची ताणशक्ती १००० मेगापास्कलच्या आसपास असते. माल हलका नव्हता. झिंक प्लेटिंगमुळे हायड्रोजन शिरून ठिसूळ झाला, अशीही एकाने शंका काढली. तो रोग याहून बराच कडक मालाला लागतो आणि त्याची तूट दाणेदार, अचानक झालेली असते. इथे तुटलेला भाग वेगळंच सांगत होता.

तूट मागच्या जॉइंटच्या दांड्यावर होती, जॉइंट जागी आवळून ठेवणाऱ्या चेक नटच्या तोंडाशी, पहिल्याच उघड्या आट्यात. आरपार बघितलं तर दोन प्रदेश स्पष्ट दिसत होते. वरच्या कडेपासून निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेषांचा, आणि त्यावर तांबूस गंज. खालचा भाग करडा, खरखरीत, ताजा. गंजलेली भेग रविवारची नसते. आठवडे-महिने ती थोडी थोडी उघडत होती, आत मुंबईची दमट हवा जात होती, आणि रविवारच्या ब्रेकने उरलेला भाग ओढून तोडला. भेग वरून सुरू झाली, याचा अर्थ दांडा वाकत होता. दोन्ही टोकांना गोळा असलेल्या रॉडमध्ये वाकणं यायलाच नको, फक्त ओढणं आणि ढकलणं. वाकणं आलं म्हणजे गोळा फिरायचा थांबला.

किट बनवणाऱ्याने मागच्या टोकाला बोल्ट उभा ठेवला आहे. आर्मला तसं भोक असतं, काम सोपं होतं. पण चाक वर-खाली झालं की रॉडचा कोन बदलतो, आणि बोल्ट उभा असला की तो सगळा कोन गोळ्याच्या तिरकेपणातून येतो. बोल्ट आडवा, गाडीच्या रुंदीत असता, तर तेच वर-खाली जाणं बोल्टभोवती नुसतं फिरणं झालं असतं, त्याला मर्यादाच नाही. शिवाय किटमध्ये डोळ्याच्या दोन्ही बाजूंना रुंद सपाट वॉशर दिलेत. डिजिटल अँगल गेज लावून मोजलं, तर ९ अंशांवर डोळ्याची कड वॉशरला टेकते.

रॉडची लांबी ३६० मिलिमीटर. कारखान्याच्या उंचीवर तो साधारण आडवा. मालकाने गाडी ४५ मिलिमीटर खाली बसवली आहे, म्हणजे रॉडच्या टोकाशी ३०, आणि उभ्या गाडीतच जवळजवळ ५ अंश गेले. ब्रेकला नाक खाली जातं, चाकाशी आणखी ३० धरा, एकूण ८ अंश, म्हणजे कसंबसं मर्यादेत. पण खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की ११. तिथे डोळा वॉशरवर अडकतो, पुढचं टोक रॉडला खाली खेचतं, आणि दांड्याची वरची बाजू ताणली जाते. डोळ्यापासून ३० मिलिमीटरवर नुसता एक किलोन्यूटन आडवा आला, तरी आट्याच्या मुळाशी, जिथे व्यास साडेदहा मिलिमीटर उरतो, २६० मेगापास्कलच्या वर ताण जातो. आट्याच्या खाचेमुळे तो आणखी वाढतो. सरळ ओढण्याच्या तिप्पट, तेही प्रत्येक खड्ड्याला.

ही गाडी ट्रेलरवर जात नाही. मालक दादरहून ती चालवत घाट चढतो, चालवतच परत येतो, आणि मधल्या दिवसांत तीच ऑफिसला नेतो. वर्षभरातल्या रन दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. ऑक्टोबरमधले सीएसटी रोडवरचे खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक कोण मोजणार? रेसचा पार्ट रेसने मारला नाही, रस्त्याने मारला. डब्यावर फक्त रेससाठी असं छापलेलं असतं आणि आपल्याकडे ते कौतुकाचं वाक्य म्हणून वाचलं जातं. ट्रॅकवरच्या तपासणीत हेल्मेट, अग्निशामक, बॅटरीचा क्लॅम्प बघतात, पण गाडीखाली टॉर्च घेऊन कोणी झोपत नाही. टर्बोवर लाखांत खर्च करणाऱ्याला १५ मिनिटांची डाय टेस्ट (रंगाने भेग उघडी पाडणारी चाचणी) महाग वाटते, हेही मी रोज बघतो.

डावा रॉड काढून त्याच जागी डाय टेस्ट केली. आटे थिनरने धुतले, लाल डाय लावून १५ मिनिटं ठेवली, पुसली, पांढरा डेव्हलपर मारला. दोन मिनिटांत वरच्या बाजूला चार मिलिमीटरची लाल रेघ उमटली. तीच जागा, तीच बाजू. किटची मांडणी चुकली होती यात शंका उरली नाही.

मग उजवाच आधी का गेला? रस्त्याच्या कडेचे खड्डे आणि गटाराची झाकणं डाव्या चाकाच्या वाट्याला येतात, त्या हिशेबाने डावा आधी जायला हवा होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ही गाडी माझ्याकडे अलाइनमेंटला आली होती. उजवा कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) डाव्यापेक्षा अर्धा अंश जास्त. उजव्या रॉडचे दोन्ही चेक नट मी सोडले आणि नळीला दोन फेरे दिले. उजवे-डावे आटे, एका फेऱ्याला अडीच मिलिमीटर, म्हणजे रॉड पाच मिलिमीटर लांब. चाक त्या प्रमाणात मागे गेलं, मशीनवर दोन्ही आकडे हिरवे झाले. चेक नट आवळले, प्रिंट काढून दिली.

चेक नट आवळताना पान्याबरोबर रोझ जॉइंट स्वतःही फिरतो आणि डोळा एका अंगाला कलंडून वॉशरला टेकतो. नट आवळला गेला की तो तसाच कलंडलेला राहतो, आणि ९ अंशांतले काही अंश तिथेच संपतात. म्हणून दुसरा पाना डोळ्यावर धरून तो मधोमध ठेवायचा, मग नट आवळायचा, शेवटी नळी हाताने इकडे-तिकडे हलवून बघायची. दोन्ही बाजूंना सारखी हलली तर ठीक. त्या दिवशी मी दुसरा पाना धरला होता का, मला आठवत नाही. उजव्या बाजूच्या वॉशरवर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर आहे, एकाच अंगाला. डाव्या बाजूच्या वॉशरवर ती बरोबर पुढच्या कडेला आहे. याचा दुसरा अर्थ मला लावता आलेला नाही. मालकाला वॉशर हातात देऊन सांगितलं. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पण डावाही गेलाच असता ना?" गेला असता. उजवा मात्र या मोसमात गेला नसता, असं मला वाटतं.

नवं काम आम्हीच केलं. आर्मला ६ मिलिमीटर प्लेटचे दोन कान, बोल्ट आडवा, दोन्ही बाजूंनी पकडलेला. बोल्ट १०.९ ग्रेडचा, कापाच्या रेषेत, म्हणजे कान आणि डोळा भेटतात तिथे, साधा दांडा येईल एवढ्या लांबीचा, आटे कानाच्या बाहेर. रोझ जॉइंट एम १६ × १.५. ताणक्षेत्र १६७ चौरस मिलिमीटर, आणि वाकण्याला विरोध जुन्याच्या अडीच पट. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात उजव्या आट्याचे लगेच मिळाले, डाव्या आट्यासाठी चार दुकानं पालथी घातली. सपाट वॉशरऐवजी शंकूच्या आकाराचे स्पेसर, म्हणजे उरलेला तिरकेपणाही मोकळा. नळी सीमलेस, २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ३ मिलिमीटर जाडी, टोकांना आट्यांचे बुंधे वेल्ड केलेले. वेल्ड झाल्यावर नळी पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही, हे मी स्वतः उभं राहून बघितलं. पोरांना घाई असते, आणि बुडवल्यावर वेल्डच्या कडेला काचेसारखा कडक पट्टा तयार होतो. टोकापासून २४ मिलिमीटरवर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. त्यातून तार घातली आणि आटा लागला, तर दांडा व्यासाच्या दीडपट आत आहे. नाही लागला, तर गाडी गेटबाहेर जात नाही.

मग स्ट्रट उतरवून स्प्रिंग काढली, नुसता डॅम्पर परत बसवला आणि आर्मखाली जॅक घेऊन चाक १०-१० मिलिमीटरने तळापासून बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे वर जाण्याच्या शेवटच्या हद्दीपर्यंत, नेलं. प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंग दोन्ही लॉकला, आणि डोळ्याशी ०.५ मिलिमीटरची फीलर पट्टी. डोळा कुठेच टेकला नाही. हे करायला अर्धा दिवस गेला. अलाइनमेंटच्या बिलात अर्धा दिवस बसत नाही, म्हणून मुंबईत हे फारसं कोणी करत नाही. मीही करत नव्हतो.

रोझ जॉइंटच्या आतलं अस्तर टेफ्लॉनचं आहे, त्याला ग्रीस लावायचं नाही, धूळ धरून ते झिजतं. पोरांनी सवयीने लावलं होतं, पुसून काढलं आणि वर रबरी टोप्या चढवल्या. मालकाला सांगितलंय की रोजच्या फिरण्याला कंपनीचा रॉड आणि रबर बुश, हा रॉड फक्त रनच्या आठवड्यात. प्रत्येक अदलाबदलीला कॅस्टर पुन्हा बघावा लागेल. तो हो म्हणाला आहे, पण गेल्या बुधवारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असल्याचा फोटो त्याने पाठवला, त्यात पुढे माझाच नवा रॉड दिसतोय. शनिवारी आण म्हटलंय, पुन्हा डाय मारून बघायची आहे.