तुम्ही विचारलंत म्हणून : मुलगा चर्चला यायला नको म्हणाला तर?

बाळाच्या स्नानसंस्काराआधी, म्हणजे बाप्तिस्म्याआधी, आईवडिलांची एक तयारीसभा असते. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, त्या सभेला मी आणि माझी पत्नी गेली काही वर्षं बोलायला जातो. सभा संपून आम्ही खुर्च्या उचलायला लागलो की एखादा तरुण बाप मागे रेंगाळतो. कडेवरचं बाळ पेंगुळलेलं असतं. तो हळूच विचारतो, "अंकल, तुमची मुलं आता मोठी झाली ना? चर्चला येतात का? आणि नाही म्हणाली तर काय करता?" विरार लोकलमधले माझे हिंदू मित्रही हेच विचारतात, फक्त थेट : "जबरदस्ती करतोस का रे?"

याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही. म्हणून लिहितोय.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला मी विचारत बसत नाही. जशी शाळेला जाते तशी ती रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला येते आणि नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसते. प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाचा आहे.

आम्ही वसईचे कुपारी, म्हणजे इथले मराठी बोलणारे कॅथलिक. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यकर्ते बदलले तरी आमच्या वाड्यांमधल्या घरांत संध्याकाळची प्रार्थना चालूच राहिली. माझे आजोबा लॅटिनमधली मिस्सा ऐकत मोठे झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, ती मराठीत आली आणि मी लहानपणापासून तीच ऐकली. एवढ्या पिढ्या जे टिकलं ते माझ्या घरातही आपसूक टिकेल असं मी धरून चाललो होतो.

वडिलांना त्यासाठी काही करावं लागलं नाही, असंच मला वाटायचं. ते केळी आणि पानवेल करायचे. शाळा सुटली की आम्ही भावंडं वाडीतच. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वडील हातातला कोयता खाली ठेवायचे, डोक्याचा फडका सोडायचे आणि चिखलाच्या पायांनी तिथेच उभे राहायचे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मग फडका पुन्हा डोक्याला. आम्हाला कधी "तुम्हीही उभे राहा" म्हणाले नाहीत, पण आम्ही उभे राहायचो.

मी सकाळी सातच्या आत घर सोडतो आणि रात्री साडेआठला परततो. माझ्या मुलाने मला काम करताना पाहिलेलंच नाही. काम थांबवताना कुठून पाहणार?

दोन वर्षांपूर्वीचा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. सकाळी सहापासून हाका मारत होतो, तो उठेना. शेवटी म्हणाला, "पप्पा, मी येत नाही. मला तिथे काहीच वाटत नाही." मी पांघरूण ओढलं आणि म्हणालो, "या घरात राहायचं असेल तर या घरासारखं राहायचं. नाहीतर दार उघडं आहे."

तो आला. आमच्याकडे मुलं त्या दिवशी झावळीच्या पात्यांचे छोटे क्रूस विणतात. घरोघरी ते वर्षभर वेदीपाशी ठेवतात, आणि पुढच्या वर्षी त्याच झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला लावायची राख करतात. माझा मुलगा मिस्सा संपेपर्यंत झावळीचं एकेक पातं नखाने उभं फाडत राहिला. घरी आलो तेव्हा त्याच्या हातात नुसते हिरवे दोरे होते. ते त्याने टेबलावर ठेवले आणि खोलीत गेला.

त्याच आठवड्यात, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, मी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला (कन्फेशनला) गेलो. रांग मोठी होती. माझी पाळी आल्यावर मुलाचं हे सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे मला सांगितलंत. त्याला सांगितलंत का?"

घरी आलो. तो पलंगावर पडून कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत होता. मी उभाच राहिलो. म्हटलं, "त्या दिवशी तुला घराबाहेर काढायची भाषा केली, ते माझं चुकलं. मला माफ कर." त्याने एका कानातला इअरफोन काढला. "हे तुम्ही फादरना पण सांगितलं?" हो म्हटलं. "रांगेत उभं राहून?" हो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग "बरं" म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

माझ्या वडिलांनी कोयता खाली ठेवलेला मी पाहिला होता. माझ्या मुलाने मला काही खाली ठेवताना पाहिलं असेल तर ते त्या संध्याकाळी.

म्हणून तरुण बापांना मी आधी हे विचारतो, तुम्ही स्वतः शेवटचं कन्फेशन कधी केलंत? बाळ कडेवर असतानाच विचारतो. स्नानसंस्कारात फादर बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि मग आईबापांनाही ती करायला सांगतात. त्या वेळी कितीतरी बापांचा अंगठा थरथरताना मी पाहिलाय. विश्वासाचे पहिले शिक्षक तुम्ही, असं चर्च त्यांना तिथेच सांगतं.

रविवारची मिस्सा ऐच्छिक आहे असं मी मुलाला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. चर्चची ती आज्ञा आहे आणि मी ती मनापासून मानतो. ओढत न्यायचं मात्र मी सोडलं. रात्री नऊला घरात रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, तेव्हा त्याने खोलीत बसायचं एवढं ठरलंय. फोन उलटा ठेवून तो बसतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी प्रार्थनेतल्या जड शब्दांवर अडखळतो. बहीण सुधारते, आणि ते त्याला चालतं.

प्रश्न तो बिनधास्त विचारतो. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या बातम्या त्याने वाचल्या आहेत. "हे खरं आहे का?" मी हो म्हणालो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहून याबद्दल लाज आणि पश्चात्ताप व्यक्त केला, तेही सांगितलं. "मग तुम्ही अजून का जाता?" मी म्हटलं, तिथे मला ख्रिस्त भेटतो, आणि क्षमा मागायला मला दुसरी जागा माहीत नाही. त्याला हे पटलं असं मी म्हणणार नाही. खोटं उत्तर दिलं असतं तर मात्र त्याला लगेच कळलं असतं.

मला आधार वाटतो तो येशूला वाढवणाऱ्या संत योसेफांचा. शुभवर्तमानात त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमला मागे राहिला तेव्हा योसेफ आणि मरिया त्याला शोधत फिरले, तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. मुलाने जे उत्तर दिलं ते त्या दोघांना समजलं नाही, असं लूकने स्पष्ट लिहून ठेवलंय. नाझरेथच्या त्या घरातही मुलाचं बोलणं बापाला समजलं नव्हतं! हे वाचताना माझा जीव जरा भांड्यात पडतो. मग ते तिघे एकत्र घरी परतले, आणि सुतारकाम पुन्हा सुरू झालं असणार.

आता रविवारी मी पावणेसातला त्याच्या दाराशी जातो. "निघतोय रे," एवढंच म्हणतो. मुलगी आणि तिची आई पुढे चालत निघतात. मी अ‍ॅक्टिव्हा फाटकाबाहेर काढतो, पण सुरू करत नाही. दोन मिनिटं थांबतो. कधी आतून न्हाणीघराचा नळ सोडल्याचा आवाज येतो, कधी येत नाही. दुसरं हेल्मेट मी हँडलला अडकवूनच ठेवतो.