पहिल्या भुताची ३६ चित्रं

'अ ख्रिसमस कॅरल' ही चार्ल्स डिकन्सची गोष्ट: कंजूस म्हातारा स्क्रूज आणि त्याला भेटायला येणारी नाताळची तीन भुतं, भूतकाळाचं, वर्तमानाचं आणि भविष्याचं. तिच्या टीव्हीवरच्या कार्टून आवृत्त्या ओळीने पाहायच्या, असं ठरवून बसलो होतो. या महिन्यात दोनच झाल्या, कारण पहिल्या, म्हणजे भूतकाळाच्या भुतापाशी पाय अडकला.

डिकन्सने १८४३ साली हे भूत लिहिलंय ते पाहा. अंगकाठी लहान मुलाची, पण वाटतं म्हाताऱ्यासारखं. डोक्यातून उजेडाचा झोत निघतोय. घटकेत एक हात, घटकेत वीस पाय, घटकेत नुसतं डोकं आणि धड गायब. कुठल्या नटाने हे करावं? हे पेन्सिलचंच काम.

आधी पाहिला १९६२चा मॅगूवाला, म्हणजे मिस्टर मॅगू हे कार्टून पात्र ज्यात स्क्रूज होतं तो. यूपीए या कार्टून स्टुडिओने एनबीसी या अमेरिकी वाहिनीसाठी केलेला, खास टीव्हीकरता बनलेला पहिला अ‍ॅनिमेटेड ख्रिसमस स्पेशल. यात भुतांचा क्रमच बदललाय, वर्तमानाचं भूत आधी येतं आणि भूतकाळाचं नंतर. स्क्रूजचा भाचा फ्रेड तर नाहीच. तरीही शाळेत एकटा राहिलेला छोटा स्क्रूज गाऊ लागतो आणि म्हातारा स्क्रूज त्याच्या सुरात सूर मिसळतो, तिथे माझा गळा दाटून आला. जूल स्टाइनची चाल आहे ती.

मग १९७१चा, अ‍ॅनिमेटर रिचर्ड विल्यम्सचा. जेमतेम २५ मिनिटं, पण खाणकामगार, दीपगृह, समुद्रातलं जहाज, सगळं आहे. हे प्रसंग बहुतेक जण सरळ गाळतात. स्क्रूजचा आवाज अ‍ॅलेस्टर सिमचा, ज्याने १९५१च्या चित्रपटात हीच भूमिका केली होती. रेषा जुन्या कोरीव छापचित्रांसारख्या. टीव्हीवर आल्यानंतर तो थिएटरात लागला आणि त्याला ऑस्करही मिळालं. आधी टीव्हीवर दाखवलेल्या फिल्मला ऑस्कर कसं, म्हणून ओरड झाली आणि पुढे नियमच बदलले.

यातलं भूत मी एकेक फ्रेम थांबवत पाहिलं. एका चेहऱ्यावर दुसरा, त्यावर तिसरा, सगळे किंचित सरकलेले. बाह्यरेषा कुठेच ठरत नाही, आणि तरी डोळे आपल्याकडेच बघत असतात.

हेच करून बघायला घेतलं. तीन सेकंदांचा तुकडा, 'टूज'वर (सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकतं), म्हणजे ३६ चित्रं. पहिल्या खेपेला दर चित्रात भुताची जागा थोडी बदलली. चालवून पाहिलं तर भूत थंडीने कुडकुडल्यासारखं दिसत होतं. आठवडाभराची मेहनत होती ती, पण बाजूला ठेवली. दुसऱ्या खेपेला तीन वेगवेगळे चेहरे काढले आणि एक पुसट होत असतानाच दुसरा उमटेल, असे ते एकमेकांत विरघळवले. डोळे मात्र तिन्हींत पेग बारला (कागद एकाच जागी अडकवणारी खुंट्यांची पट्टी) धरून एकाच जागी ठेवले. रात्री एकच्या सुमारास तुकडा पुन्हा चालवला आणि अंगावर काटा आला. लखलखलं ते!

आता भुताची टोपी, त्याचा उजेड झाकणारी. स्क्रूज ती भुताच्या डोक्यावर दाबून बसवतो, सगळा जोर लावतो, तरी उजेड खालून जमिनीवर सांडतच राहतो. त्यासाठी वेगळा थर काढून तो एअरब्रशने रंगवायचा, की कागदाला भोकं पाडून खालून दिवा लावायचा? दुसरा मार्ग मला जास्त खुणावतोय. कुणी लाइट टेबलवर (खालून दिवा असलेल्या टेबलावर) हे केलं असेल तर कागद किती जाडीचा घेतला होता, तेवढं कळवा.